संकटकाळची शिट्टी : कोणती घ्यावी आणि कुठे अडकवावी?

प्रश्न : मी, माझे अडुसष्ट वर्षांचे वडील आणि बारा वर्षांची मुलगी असे तिघे प्रथमच उंच डोंगरातल्या आठवडाभराच्या पायी भटकंतीला निघत आहोत. आयोजकांनी दिलेल्या सामानाच्या यादीत 'संकटकाळासाठी शिट्टी, प्रत्येकी एक' असे लिहिले आहे. शोधू लागल्यावर गोंधळ वाढला, कारण एका शिट्टीवर १२० डेसिबल छापलेले असते, तर दुसरीवर १५०. माझ्या सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलमध्येच एक शिट्टी बसवलेली आहे. वडील निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत आणि त्यांना त्यांची जुनी धातूची शिट्टी पुरेशी वाटते. मुलीला होकायंत्र, तापमापक आणि आरसा असलेली शिट्टी हवी आहे. मोबाइल जवळ असताना शिट्टीची खरोखर गरज असते का, आणि असल्यास कोणती घ्यावी?

उत्तर : मोबाइलचा मुद्दा आधी निकालात काढू. रेंज असेल आणि बॅटरी टिकली असेल, तर मदत बोलावण्यासाठी पहिला हात मोबाइललाच घालावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण शोध घेणारी माणसे आपल्यापासून दोन-तीनशे मीटरवर येऊन ठेपली आणि मध्ये धुके, झाडी किंवा रात्र असली, म्हणजे आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना सांगण्याचे काम शिट्टी करते. हाका मारून ते साधत नाही, कारण जिवाच्या आकांताने ओरडणाऱ्याचा घसा थोड्याच वेळात बसतो, तर शिट्टी अधूनमधून विसावा घेत कित्येक तास वाजवता येते. यादीतले 'प्रत्येकी एक' हे शब्दही गांभीर्याने घ्यावेत. चुकामूक होताना ती शिट्टी बाळगणाऱ्याचीच होईल, असा काही नेम नसतो.

आता निवडीकडे वळू. दुकानात शिट्टी हातात घेऊन पाहताना आपले हात कोरडे असतात, श्वास शांत असतो आणि घाई कसलीच नसते. ती प्रत्यक्ष वाजवण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याची अवस्था फार निराळी असते. तो घळीत घसरलेला असतो, एक मनगट सुजलेले असते, बरगडीला मार बसल्यामुळे खोल श्वास घेताना कळ येते, हातमोजे ओले असतात आणि सॅक पंधरा फूट खाली एखाद्या झुडपात अडकलेली असते. या माणसाला एका हाताने तोंडापर्यंत नेता येईल आणि अर्ध्या श्वासात वाजवता येईल, ती शिट्टी चांगली. पुढचा सगळा सल्ला याच कसोटीला धरून आहे, आणि वेष्टनावरचा डेसिबलचा आकडा या कसोटीत बराच खालच्या क्रमांकावर येतो.

तरीही त्या आकड्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल तोच करतो. ध्वनीची पातळी कोणत्या अंतरावरून मोजली हे सांगितल्याशिवाय डेसिबलच्या आकड्याला अर्थ नसतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते आणि दसपट झाले की २० डेसिबलने. म्हणजे दहा सेंटीमीटरवर मोजलेले १२० डेसिबल आणि एक मीटरवर मोजलेले १०० डेसिबल ही एकाच शिट्टीची दोन वर्णने असू शकतात, आणि वेष्टनावर कोणते छापले जाईल हे वेगळे सांगायला नको. १५० डेसिबलच्या दाव्याचा हिशेब तर घरबसल्या करता येतो. एक मीटरवर सर्व दिशांना १५० डेसिबल इतका आवाज पोहोचवायचा, तर १२ किलोवॉटहून अधिक, म्हणजे जवळजवळ १७ अश्वशक्तीची ध्वनिशक्ती बाहेर पडावी लागेल. माणसाच्या जोरदार फुंकरीतही मोजक्याच वॉटची शक्ती असते. तेव्हा १५० लिहिलेली शिट्टी १२० लिहिलेलीपेक्षा मोठ्याने वाजेल असे धरून चालू नये. आकडा जितका भव्य, तितका तो छापणाऱ्यावरचा विश्वास कमी करावा, असे माझे मत आहे.

आवाजाच्या मोठेपणाइतकीच त्याची पट्टीही महत्त्वाची असते, आणि तिच्याविषयी वेष्टनावर सहसा काहीच नसते. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तिखट असतो. शिट्ट्यांचा सूर याच टापूत ठेवलेला असतो, तो त्यामुळेच. मात्र हवा उंच पट्टीचा आवाज अधिक शोषून घेते. १० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना २००० हर्ट्झचा सूर एका किलोमीटरमागे जवळपास १० डेसिबल गमावतो, तर ४००० हर्ट्झचा सूर ३० डेसिबलहून जास्त. समजा, एक शिट्टी ४००० हर्ट्झची आहे आणि एक मीटरवर ११० डेसिबल देते. दुसरी २००० हर्ट्झची असून फक्त १०० डेसिबल देते. शंभर मीटरवर पहिलीच वरचढ ठरेल. पण एका किलोमीटरवर पहिलीचे सतराच्या आसपास डेसिबल उरतील आणि दुसरीचे तीसच्या आसपास. जवळून जी कानठळ्या बसवते तीच लांब ऐकू जाते असे नाही, ते यामुळेच.

आपल्या घरात तर याला आणखी एक पदर आहे. वयोमानानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज हरवतात. उद्या मुलगी वाट चुकली आणि तिची शिट्टी आजोबांना ऐकायची असेल, तर अतिशय बारीक, टोकदार सुराची शिट्टी तिच्या हाती देणे सयुक्तिक ठरणार नाही. दोन शिट्ट्यांमध्ये निवड करायची झाली, तर किंचित जाड सुराची घ्यावी. कानावर भरवसा नसेल, तर गायक-वादक सूर जुळवण्यासाठी वापरतात तसले मोबाइलवरचे ॲप उघडावे. ते हर्ट्झमधला आकडा दाखवते. ॲप इतक्या उंच सुरापर्यंत मोजते ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

आता आपल्या वडिलांच्या शिट्टीविषयी. गोळीची शिट्टी ही जुनी आणि सिद्ध रचना आहे, यात शंका नाही. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांनी १८८४ मध्ये तशी शिट्टी बाजारात आणली आणि मैदानावरच्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाढल्या. आतली बुचाची गोळी फिरताना हवेचा झोत सतत तोडते, त्यामुळे आवाजाला थरथर येते आणि ती थरथर लक्ष वेधून घेते. मैदानात ही रचना उत्तमच आहे. डोंगरात मात्र हीच गोळी दगा देते. ओलाव्याने बूच फुगते, खिशातली माती आणि धाग्यांचे कण आत जाऊन बसतात, कडाक्याच्या थंडीत तोंडातल्या वाफेचे पाणी गोठून गोळी जागीच चिकटते, आणि घाबरून फार जोरात फुंकले तरी ती अडकून आवाज बंद पडू शकतो. नेमके घाबरलेल्या माणसाच्या हातातच असे होण्याचा संभव अधिक. त्यात धातू शरीराची उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि तापमान शून्याखाली असताना ओला ओठ त्याला चिकटून सोलवटतो. कॅनडातले बास्केटबॉलचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी १९८७ मध्ये 'फॉक्स ४०' ही बिनगोळीची शिट्टी विक्रीला आणली, तिच्यामागेही गोळी अडकण्याचाच त्रास होता. म्हणजे पंचांनासुद्धा ही अडचण नवी नाही, हे वडिलांना आवर्जून सांगावे. बिनगोळीच्या शिट्टीत दोन-तीन लहान कप्पे असतात, त्यांचे सूर एकमेकांपासून किंचित सरकवलेले असतात आणि ते एकत्र वाजले की गोळीशिवायच आवाजाला कर्कश थरथर येते. कितीही जोरात फुंकले तरी तिच्यात अडकण्यासारखे काही नसते.

तेव्हा माझी शिफारस स्पष्ट आहे : तिघांसाठीही बिनगोळीची, घट्ट प्लॅस्टिकची, नारिंगी किंवा पिवळ्याधमक रंगाची शिट्टी घ्यावी. रंगाचे कारण साधे आहे. गवतात किंवा दगडांच्या खाचेत पडलेली काळी शिट्टी थरथरत्या हातांना सापडत नाही. अशी शिट्टी वजनाला काही ग्रॅमच असते, त्यामुळे ओझ्याची सबब चालणार नाही.

सॅकच्या बकलमधल्या शिट्टीला मी नाव ठेवणार नाही, पण तिच्यावर विसंबून राहू नये. बकल हे मुळात पट्टा जोडण्यासाठी असते. त्याच्या पोटात मावेल एवढाच कप्पा शिट्टीच्या वाट्याला येतो आणि आवाज बहुधा किरकोळ निघतो. त्याहून मोठी अडचण अशी की ती सॅकला जोडलेली आहे. घसरताना सॅक सुटते, नदी ओलांडताना पट्टे मुद्दाम सोडून ठेवावे लागतात, आणि 'दोन मिनिटांत येतो' म्हणून सॅक ठेवून आडवाटेला गेलेला माणूसच बरेचदा वाट चुकतो.

मुलीला हवी असलेली बहुउपयोगी शिट्टी मात्र मी स्पष्टपणे नाकारेन. एवढ्याशा जागेत होकायंत्र, तापमापक आणि आरसा कोंबताना शिट्टीचा कप्पा उथळ होतो, जोडांतून हवा गळते, आणि त्यातल्या होकायंत्राची सुई कुठे अडकून बसेल ते सांगता येत नाही. तिला स्वतंत्र, चांगले होकायंत्र घेऊन द्यावे. बाराव्या वर्षी ते वापरायला शिकता येते आणि शिट्टी तिला हवी त्या रंगाची निवडू द्यावी, म्हणजे रुसवाही राहणार नाही.

खरेदी केल्यावर घरी काही गोष्टी अवश्य तपासाव्यात. शिट्टी पाण्याच्या भांड्यात पूर्ण बुडवावी, बाहेर काढून एकदाच झटकावी आणि लगेच फुंकावी. चांगली शिट्टी पहिल्याच फुंकरीत पाणी फेकून वाजते, तर वाईट शिट्टी बुडबुड्यांचा घरघराट करते. मग अर्धाच श्वास घेऊन, आडवे पडून, जाड हातमोजा घालून आणि केवळ डाव्या हाताने ती वाजवून पाहावी. मोठ्या कप्प्याची शिट्टी अधिक आवाज देते, पण अधिक हवाही मागते. दमलेल्या वडिलांना किंवा मुलीच्या लहान छातीला ती झेपत नसेल, तर त्यांच्यासाठी लहान घ्यावी. तिघांच्या शिट्ट्या एकसारख्याच असाव्यात असा काही नियम नाही. दातांत धरायला कडा आहे का, हेही पाहावे, कारण दोन्ही हात गुंतलेले असताना शिट्टी दातांतच राहते.

ही तपासणी बंद खोलीत करू नये. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेच्या, म्हणजे 'नायॉश'च्या शिफारशीनुसार ११५ डेसिबलचा आवाज दिवसभरात अर्ध्या मिनिटाहूनही कमी काळ ऐकणे सुरक्षित मानले जाते, आणि शिट्टी वाजवणाऱ्याचे स्वतःचे कान तर तिच्यापासून वीतभरावर असतात. मोकळ्यावर जावे, कानात बोळे घालावेत आणि मुलीने आजोबांच्या कानाशी शिट्टी वाजवण्याची गंमत करू नये, एवढे तिला बजावावे.

शिट्टी अडकवण्याची जागा हा माझ्या मते खरेदीइतकाच मोठा निर्णय आहे. ती अंगावर असावी, सामानात नव्हे. गळ्यात घालायची असल्यास दोरी अशी हवी की जोराचा ताण येताच तिचा जोड आपोआप सुटेल. साधी नायलॉनची दोरी फांदीत किंवा खडकाच्या टोकाला अडकली तर गळ्याला फास बसू शकतो आणि मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. याहून बरा उपाय म्हणजे शर्टाच्या वरच्या खिशाच्या आतल्या लूपला आखूड दोरीने शिट्टी बांधणे. दोरीची लांबी एवढीच असावी की शिट्टी न सोडता तोंडापर्यंत यावी. कडाक्याच्या थंडीत ती जाकिटाच्या आत, अंगालगत ठेवावी, म्हणजे कप्प्यात साठलेला ओलावा गोठत नाही. कपडे बदलताना शिट्टी जुन्या शर्टाबरोबर तंबूत राहून जाते. सकाळी निघताना बुटाच्या नाड्या पाहतो तशी तिघांनी एकमेकांच्या शिट्टीवर नजर टाकावी.

वाजवायची कशी, हे आपण विचारलेले नाही, पण त्याशिवाय उत्तर अपुरे राहील. डोंगरातला जुना संकटसंकेत असा आहे : एका मिनिटात सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक लांब शिट्टी वाजवावी, नंतर एक मिनिट पूर्ण शांत राहावे आणि पुन्हा तेच करावे. इंग्रज गिर्यारोहक क्लिंटन डेंट यांनी १८९४ मध्ये हा संकेत सुचवला आणि आल्प्समधून तो इतरत्र पसरला. मिळालेले उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे असते. उत्तर अमेरिकेत मात्र तीन शिट्ट्या हाच मदतीचा इशारा मानतात, त्यामुळे आपण जिथे जाणार तिथे कोणता संकेत चालतो, हे निघण्यापूर्वी आयोजकांना विचारून घ्यावे. मधल्या मिनिटाच्या शांततेला दुहेरी उपयोग आहे : आपल्याला उत्तर ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला खात्री पटते की हा कुणाचा खेळ नसून ठरवून केलेला इशारा आहे. रात्री हेच सहाचे माप टॉर्चच्या उघडझापीलाही लागू पडते. डोक्यावर हेलिकॉप्टर आले, की शिट्टी खिशात टाकावी आणि प्रकाश, आरसा किंवा भडक कापड यांचा वापर करावा, कारण पंख्यांच्या आवाजापुढे तिचा काही पाड लागत नाही.

उत्तर ऐकू आले की बहुतेक जण सुटल्यासारखे होऊन शिट्टी वाजवणे थांबवतात, आणि इथेच शोध पथकाची पंचाईत होते. कड्यांवरून उमटणाऱ्या प्रतिध्वनीमुळे पहिल्या काही शिट्ट्यांवरून आवाज दरीच्या कोणत्या बाजूने येतो आहे, हे ठरवता येत नाही; माणसे जवळ येत जातील तसतशी दिशा पक्की होते. म्हणून ती प्रत्यक्ष समोर येऊन उभी राहीपर्यंत संकेत चालू ठेवावा आणि आपण जागा बदलू नये. ओढ्याच्या खळखळाटाजवळ बसलेल्याला उत्तर ऐकू येत नाही. हालचाल करण्याजोगी प्रकृती असेल आणि जागा निर्धोक असेल, तरच थोडे बाजूला सरकावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आवाज वर वळतो आणि जमिनीलगतच्या माणसाला चुकवून जातो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरही असेच होते; याउलट निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड असल्याने आवाज खाली वळून बराच लांब जातो. दिवसभर कुणी आले नाही म्हणून अंधार पडल्यावर हताश होऊन शिट्टी सोडून देणे, हे म्हणूनच चुकीचे ठरते. बर्फाच्या उतारावर शिट्टी वाजवल्याने हिमस्खलन होते, असे कुणी सांगितले तर तेही मनावर घेऊ नये. बर्फाचा थर हलवण्याइतका दाब शिट्टीच्या आवाजात नसतो.

मुलीला तीन गोष्टी पाठ असाव्यात : आपण चुकलो असे वाटताच जागीच थांबायचे, सहाच्या मापाने शिट्टी वाजवायची, आणि आपले नाव घेऊन हाका मारणारी माणसे अनोळखी असली तरी त्यांना उत्तर द्यायचे. बिथरलेली मुले शोधणाऱ्यांपासून लपून बसतात, हे बचावकार्य करणाऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहे. वाटेत एकमेकांना बोलावण्यासाठी शिट्टी वापरण्याचा मोह मात्र तिघांनीही आवरावा. वडिलांना हा नियम सर्वांत जड जाईल, कारण उभे आयुष्य त्यांनी मुलांना शिट्टीवरच गोळा केले आहे; पण डोंगरात दर वळणावर शिट्टी वाजू लागली, की खऱ्या संकटातल्या शिट्टीकडे कुणी मान वळवून पाहत नाही.

अंतिम निवड वडिलांच्याच कानांवर सोपवावी, असे मी सुचवेन. दोन-तीन शिट्ट्या पसंत करून एखाद्या मोकळ्या, निर्मनुष्य माळावर जावे. वडिलांनी तीन-चारशे मीटर दूर पाठमोरे उभे राहावे आणि मुलीने एकेक शिट्टी, त्यांची जुनी धातूचीही, क्रम न सांगता एकदाच वाजवावी. सहाचे माप तिथे वापरू नये, नाहीतर भलतेच कुणीतरी मदतीला धावून येईल. वडिलांनी जी ऐकू येताच हात वर केला, ती घ्यावी. त्यांची जुनी शिट्टी या परीक्षेत उतरली, तर ती जादा म्हणून सॅकच्या वरच्या कप्प्यात खुशाल ठेवावी. अंगावर मात्र नवीच असू द्यावी.